सातबारा बेनच्या नावावर, वहिवाट पीटरची

जून २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा सिनेमा आपल्याकडे दहा भाषांमध्ये लागला. त्यात मराठीही होती. बहुतेक गप्पा साहजिकच पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडर-मॅनभोवती फिरल्या. माझ्या भाच्याला मात्र भलत्याच माणसाचं कुतूहल वाटलं. निळी, बिनबाह्यांची हुडी घातलेला, दंड फुगवलेला एक स्पायडर-मॅन मध्येच येतो, उगाच ऐटबाज पवित्रे घेतो आणि आपल्या दुःखी भूतकाळाबद्दल मोठमोठ्यानं स्वतःशीच बोलत राहतो. थिएटर हसतं. “हा कोण? आणि याचं एवढं काय बिनसलंय?” सिनेमा सुटल्यावर भाच्यानं विचारलं. रिक्षात बसल्या बसल्या मी सांगायला लागलो. रिक्षा दारात आली तरी मी १९७५ सालातच होतो.

त्याचं नाव बेन रायली. तो पीटर पार्करचा, म्हणजे मूळ स्पायडर-मॅनचा, क्लोन आहे. किंवा पीटरच त्याचा क्लोन आहे. मार्व्हल कॉमिक्सनं या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी अधिकृतपणे छापल्या आहेत. रिक्षाचं अंतर पुरलं नाही ते त्यामुळे.

क्लोन म्हणजे काय, हे हापूसवाल्यांना विचारा

‘क्लोन’ हा शब्द डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. १९०३ साली हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं तो वापरात आणला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर माणसं नव्हती. बी न पेरता, फांदी किंवा कंद लावून वाढवलेल्या झाडांना तो नाव शोधत होता. कोकणात हे कुणाला समजवावं लागत नाही. हापूसची कोय पेरली तर हापूस येईलच याची खात्री नसते, म्हणून नावाजलेल्या झाडाची काडी घेऊन कलम बांधतात. त्या कलमाचा वरचा भाग जनुकांच्या हिशेबानं मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतो. (जनुकं म्हणजे शरीर कसं घडवायचं, याची पेशीत साठवलेली पाककृती.) थोडक्यात, आपण दर उन्हाळ्यात क्लोन केलेल्या झाडांचीच फळं चोखत असतो.

प्राण्यांचं कलम बांधणं फार अवघड. एका प्राण्याच्या साध्या पेशीतलं केंद्रक घ्यायचं आणि दुसऱ्या मादीच्या बीजांडातलं केंद्रक काढून त्याजागी ते बसवायचं. जॉन गर्डन यांनी १९६२ साली बेडकांवर हे करून दाखवलं. डॉली मेंढीच्या वेळी, १९९६ साली, अशा २७७ जोडण्या कराव्या लागल्या, तेव्हा एक कोकरू जन्माला आलं.

पुढच्या गोष्टीसाठी यातल्या दोन बाबी ध्यानात ठेवायच्या. क्लोन जन्मतो तो तान्हं बाळ म्हणून. मूळ माणूस पंचविशीचा असला म्हणून क्लोन पंचविशीचा निघत नाही. आणि क्लोनकडे मूळ माणसाच्या आठवणी नसतात. आईझाडानं सोसलेलं वादळ कलमाला आठवत नाही. दिसणंसुद्धा हुबेहूब असेल असं नाही. अमेरिकेत २००१ साली क्लोन केलेली पहिली मांजर जन्मली तेव्हा तिच्या अंगावरचे रंग मूळ मांजरीपेक्षा वेगळेच निघाले.

कॉमिक्सवाल्यांनी या दोन्ही बाबी सरळ खुंटीला टांगल्या. त्यावर आपण नाकं मुरडू शकतो, पण तसं केलं तर गोष्टच उरत नाही.

एका मुलीच्या मरणापासून सुरुवात

१९७३ साली ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१व्या अंकात ग्वेन स्टेसी मेली. ही पीटरची प्रेयसी. ग्रीन गॉब्लिन म्हणजेच नॉर्मन ऑसबर्न तिला पुलावरून खाली ढकलतो, स्पायडर-मॅन जाळं फेकून तिला झेलतो, पण त्या हिसक्यानंच तिची मान मोडते. नायकानं वाचवायला जावं आणि त्याच धडपडीत माणूस हातचं जावं, हे अमेरिकन कॉमिक्सच्या वाचकांना नवीन होतं. पुढच्याच अंकात गॉब्लिनही स्वतःच्या उडत्या यानाचं टोक छातीत घुसून मेला. हे यान लक्षात असू द्या.

वाचक चिडले. लेखक जेरी कॉनवे यांच्यावर ग्वेनला परत आणण्यासाठी दबाव आला. आता मेलेल्या मुलीला आणायचं कसं? कॉनवेंनी पळवाट काढली ती क्लोनची: ग्वेन येईल, पण ती खरी ग्वेन नसेल.

त्यासाठी त्यांनी पीटरच्या कॉलेजातला जीवशास्त्राचा प्राध्यापक माइल्स वॉरन निवडला. हा ग्वेनवर मनातून भाळलेला आणि तिच्या मरणाचं खापर स्पायडर-मॅनवर फोडणारा. प्रयोगशाळेतला त्याचा सहायक एक बेडूक क्लोन करून दाखवतो (गर्डन यांची आठवण येते ना?), आणि वॉरनच्या डोक्यात किडा वळवळतो. विद्यार्थ्यांच्या पेशींचे नमुने हाताशी असतातच. सहायक विरोध करतो तेव्हा वॉरन त्याला ठार मारतो, आणि त्या अपराधाचा भार सोसवेना म्हणून जॅकल नावाचं हिरवं, लांब नखांचं दुसरं रूप धारण करतो.

१९७५ सालच्या १४९व्या अंकात न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये दोन स्पायडर-मॅन समोरासमोर उभे केले जातात. दोघांनाही वाटतं, मीच खरा. मारामारी होते, बॉम्ब फुटतो, जॅकल मरतो आणि दोघांपैकी एक स्पायडर-मॅनही. जो उरतो तो मेलेल्याचं प्रेत एका कारखान्याच्या धुराड्यात टाकून येतो. ग्वेनची क्लोन नव्यानं आयुष्य सुरू करायला निघून जाते. कॉनवेंच्या दृष्टीनं विषय संपला होता.

पण क्लोनला आठवणी आल्या कुठून?

इथं प्रत्येक शहाणा वाचक अडतो, आणि अडावंच. खरा क्लोन म्हणजे एकाच पाककृतीवरून दुसऱ्यांदा केलेला पदार्थ. कॉमिक्समधला क्लोन म्हणजे झेरॉक्स. मूळ कागदावर हळदीचा डाग असेल तर झेरॉक्सवर तोही उमटतो. नमुना ज्या दिवशी घेतला त्या दिवसापर्यंतचं वय, शरीर, स्वभाव, आठवणी, सगळं त्यात उतरतं. हा या जगाचा नियम मानायचा आणि पुढं जायचं, जसं बुद्धिबळात उंट तिरका का चालतो हे कुणी विचारत नाही.

या नियमातून एक चांगला पेच मात्र तयार होतो. आठवणी सारख्या असतील तर आपण खरे की नकली, हे आतून कळायला मार्गच नाही. स्टेडियममधून जिवंत बाहेर पडलेल्या पीटरला १५०व्या अंकात हाच प्रश्न पोखरतो. त्याचं उत्तर त्याला प्रयोगशाळेत सापडत नाही. मरणाच्या दारात उभा असताना त्याच्या मनात मेरी जेन वॉटसनचा विचार येतो. क्लोनच्या आठवणी ग्वेनपाशी थांबलेल्या. मेरी जेनवर प्रेम बसलं ते ग्वेन गेल्यानंतर, जगता जगता. म्हणजे मीच खरा, असा निष्कर्ष तो काढतो.

कायद्याच्या भाषेत बोलायचं तर पीटरनं कागदपत्र दाखवलं नाही, वहिवाट दाखवली. जमीन मी कसली, म्हणून मी इथला. मला स्वतःला हा या साऱ्या भानगडीतला सर्वांत हुशार मुद्दा वाटतो, आणि पुढच्या मंडळींनी नेमका तोच पायदळी तुडवला.

फेरफार कसा नोंदवतात

इथं एक पारिभाषिक शब्द घ्यावा लागेल: रेटकॉन. आधी छापलेल्या घटनेचा अर्थ नंतरच्या लेखकानं बदलणं म्हणजे रेटकॉन. ज्यांनी तलाठ्याकडं खेटे घातलेत त्यांना तो लगेच कळेल. सातबाऱ्यावर फेरफार होतो तेव्हा जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत. त्याला कंस करतात आणि नवं नाव लिहितात. जुनी नोंद दिसत राहते, फक्त तिचा अंमल संपतो. रेटकॉनही तसाच. १९७५ चा अंक कुणी जाळत नाही. त्यातलं चित्र तेच, संवाद तेच. फक्त ‘तुम्हाला वाटलं तसं ते नव्हतंच’ असं कुणीतरी पुढं सांगतं. यापुढं मी फेरफार हाच शब्द वापरतो.

पहिला फेरफार खुद्द कॉनवेंनीच १९८८ साली केला. वॉरनला क्लोन करणं मुळात जमलंच नव्हतं. त्यानं एका विषाणूच्या मदतीनं भलत्याच मुलीला ग्वेनचं रूप दिलं होतं, असं त्यांनी लिहिलं. विज्ञान थोडं बरं करायचा प्रयत्न असावा. सहा-सात वर्षांत त्या नोंदीलाही कंस पडला.

धुराड्यातून बाहेर आलेला माणूस

१९९४ च्या सुमारास पीटरची पार दशा झाली होती. त्याच्या बालपणीच मेलेले आईवडील परत आले होते आणि दोन वर्षांनी ते यंत्रमानव निघाले होते. (होय, खरंच छापलंय.) त्याला लहानाचं मोठं करणारी मे काकू रुग्णालयात बेशुद्ध. अशा वेळी तिला बघायला एक तरुण येतो, ज्याचा चेहरा थेट पीटरचा.

धुराड्यात टाकलेला क्लोन मेला नव्हता. तो बाहेर आला, पीटर आणि मेरी जेनला एकत्र पाहिलं, हे आयुष्य आपलं नाही हे त्याला उमगलं आणि तो शहर सोडून गेला. नाव घेतलं बेन रायली: बेन हे काकांचं नाव आणि रायली हे मे काकूचं माहेरचं आडनाव. आपल्याकडच्या वाचकाला या नावातली वेदना पटकन कळावी. ज्या घरावर हक्क सांगता येत नाही त्या घराचं नाव लावायचं नाही, पण नातं तर सोडवत नाही. मग काकूच्या माहेराचा आडोसा घ्यायचा.

कथेच्या हिशेबानं तो पाच वर्षं भटकला. प्रत्यक्षात १९७५ ते १९९४ म्हणजे एकोणीस वर्षं होतात; पण कॉमिक्समधली पात्रं आपल्या वेगानं म्हातारी होत नाहीत, त्यामुळे तिथला काळ नेहमीच आखूड पडतो. या पाच वर्षांत त्याच्या मागं केन नावाचा माणूस लागला होता. केन हा वॉरनचा पहिला, फसलेला क्लोन. त्याचा चेहरा व्रणांनी भरलेला, शरीर हळूहळू ढासळत चाललेलं. सॉल्ट लेक सिटीत बेन जनीन नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, आणि तेही सुखासुखी पार पडलं नाही.

न्यूयॉर्कला परतल्यावर बेननं लाल पोशाखावर ती बिनबाह्यांची निळी हुडी चढवली आणि ‘डेली ब्यूगल’च्या एका बातमीदारानं त्याचं नामकरण केलं: स्कार्लेट स्पायडर. त्या काळी कॉमिक्समधले नायक खांद्यावर चिलखत आणि कमरेला दहा-दहा बटवे बांधून हिंडायचे, त्यात हा हुडीवाला कॉलेजकुमारासारखा दिसायचा. वाचकांना तो आवडला. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढच्या रागाचा सारा रोख बेनवर होता असा गैरसमज आहे. तो तसा नव्हता.

मग खरा कोण निघाला?

जुलै १९९५ चा अंक. चाचणी होते, निकाल येतो: बेन मूळ आहे आणि पीटर क्लोन. वीस वर्षं वाचक ज्याची सुखदुःखं वाचत आले, ज्याचं १९८७ साली मेरी जेनशी लग्न लागलं, जिला आता दिवस गेले होते, तो पीटर म्हणजे झेरॉक्स. त्याच अंकात भान हरपलेल्या पीटरचा फटका मेरी जेनला बसतो. हे पान वाचकांनी आजतागायत माफ केलेलं नाही, आणि करूही नये.

त्यानंतर पीटर निवृत्त होऊन बायकोसह पोर्टलंडला जातो. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९९५ च्या अंकांवर ‘स्पायडर-मॅन’ हे नावच नव्हतं. सगळी मासिकं दोन महिने ‘स्कार्लेट स्पायडर’च्या नावानं निघाली. जानेवारी १९९६ पासून बेन अधिकृत स्पायडर-मॅन झाला. केस सोनेरी रंगवले, कॉफीच्या दुकानात नोकरी धरली, नवा पोशाख शिवला. सातबारा त्याच्या नावावर झाला.

एवढा राग कशासाठी? शेवटी दोघं सारखेच ना?

हा आक्षेप तर्काला धरून आहे. दोघांची जनुकं एक, विशीपर्यंतच्या आठवणी एक, संस्कार एक. मग शिक्का कुणाच्या कपाळावर, यानं काय बिघडतं?

पीटरचं काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं वाचकाचं. ज्यानं १९७६ पासून दर महिन्याला खाऊचे पैसे साठवून अंक घेतले, त्याला प्रकाशक सांगत होते की तू ज्याच्यासाठी जीव टाकलास तो मूळ नव्हताच. मूळ माणूस या काळात दुसरीकडेच हिंडत होता, त्याची गोष्ट आम्ही तुला सांगितलीच नाही. एखाद्याच्या आजोबांनी कसलेली जमीन कागदावर दुसऱ्याची निघावी आणि वर ‘पीक तर तुम्हीच खाल्लं ना’ असं ऐकावं लागावं, तसं झालं.

याची उलट बाजूही तपासून बघता येते. डीसी कॉमिक्सनं १९९३ साली क्लोन असलेला सुपरबॉय आणला. २००३ साली फेरफार करून त्याची निम्मी जनुकं सुपरमॅनचा वैरी लेक्स लूथर याची आहेत असं सांगितलं, आणि ते पात्र आणखी वजनदार झालं. मार्व्हलच्याच वुल्व्हरीन या नायकाची क्लोन लॉरा किनी ही २०१५ साली थेट ‘वुल्व्हरीन’ हे नाव लावून नायिका झाली. यांपैकी कुणामुळेही आधीची वीस वर्षं रद्द झाली नव्हती. कुटुंबात एक माणूस वाढला, इतकंच. वाचकाचा क्लोनला विरोध नसतो, जप्तीला असतो.

हा निव्वळ पैशाचा खेळ होता का?

पैशाचा होताच, पण ‘लोभी कंपनी’ म्हणून हात झटकले तर यंत्रणा कशी चालली हे कळत नाही.

संपादकांची जुनी तक्रार होती की लग्नामुळे स्पायडर-मॅन पोक्त झाला. आता तर मूल होणार. बाप झालेल्या नायकाच्या गोष्टी शाळकरी पोरांना विकायच्या कशा? क्लोनमुळे सोपी वाट दिसली. पीटर-मेरी जेनला सुखानं संसाराला लावायचं आणि तितकाच खरा, किंबहुना ‘जास्त खरा’, अविवाहित, कडका, तरुण स्पायडर-मॅन रंगमंचावर आणायचा. कल्पना म्हणून ही मूर्खपणाची नव्हती. घटस्फोट नको, मरण नको, कुणाला खलनायक करायला नको.

मूळ बेत काही महिन्यांत उरकायचा होता. पण गोष्ट एकाच वेळी चार मासिकांतून पुढं सरकत होती. दुवा सुटू नये म्हणून वाचक चारही घेत, खप वाढे. खप वाढला की विक्री विभाग म्हणे, आणखी ताणा. १९९१ साली ‘एक्स-मेन’च्या एका पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती दुकानदारांनी मागवल्या होत्या; लोक पुढं भाव येईल म्हणून अंक न वाचता पिशव्यांत घालून ठेवत. हा फुगा १९९३ नंतर फुटला आणि मार्व्हलला चालणारी कुठलीही गोष्ट सोडवेना. त्यात मुख्य संपादक टॉम डीफाल्को यांना काढलं, त्यांच्या जागी पाच जण नेमले, मग ते पाचही बाजूला करून बॉब हॅरस यांच्याकडं सूत्रं दिली. प्रत्येकाला शेवट वेगळा हवा होता. दैनंदिन मालिका बघणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको. टीआरपी आहे तोवर सासूचा स्मृतिभ्रंश बरा होत नाही.

क्लोन क्लोनला फुटत गेले. एक स्वतःला तिसरा पीटर म्हणवणारा आला, एका अंकात तर क्लोनांची अख्खी फौज आली. मे काकू १९९५ साली ४००व्या अंकात शांतपणे वारली. तो अंक खरोखर सुंदर आहे. तीन वर्षांनी कळलं की वारली ती काकूचं रूप घेतलेली एक नटी होती.

राखेचा पुरावा

१९९६ पर्यंत ठरलं की पीटरला पुन्हा मूळ करायचं. पण छापील चाचणीला कंस कसा करणार? त्यासाठी दोन गोष्टी केल्या. तेवीस वर्षांपूर्वी मेलेला नॉर्मन ऑसबर्न जिवंत केला आणि सगळं कारस्थान त्याचं होतं असं सांगितलं. बेनचा शास्त्रज्ञ मित्र स्यूअर्ड ट्रेनर याच्यामार्फत त्यानंच चाचण्यांचे निकाल फिरवले होते. आणि मग बेनला मारलं.

डिसेंबर १९९६ च्या ‘स्पायडर-मॅन’ ७५व्या अंकात ऑसबर्न आपलं उडतं यान पीटरवर सोडतो. तेच यान, ज्यानं १९७३ साली तो स्वतः मेला होता. बेन मध्ये येतो. ते टोक त्याच्या पाठीतून आरपार जातं. पीटरच्या डोळ्यांदेखत त्याचं शरीर भुरभुरतं आणि राख होते. या जगात राख क्लोनचीच होते. म्हणजे क्लोन बेनच होता.

खऱ्या क्लोनची राख होत नाही, हे सांगायला हवं. डॉली सहा वर्षांची होऊन मेली तेव्हा क्लोन लवकर झिजतात अशी बोलवा झाली होती. पण डॉली ज्या पेशींपासून घडली त्याच पेशींपासून पुढं जन्मलेल्या चार मेंढ्या ठणठणीत राहून म्हाताऱ्या झाल्याचं २०१६ साली शास्त्रज्ञांनी नोंदवलं. योगायोग असा की डॉलीची बातमी जगाला कळली फेब्रुवारी १९९७ मध्ये, बेनची राख झाल्यावर काही महिन्यांतच. आणि मार्व्हल कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला तो डिसेंबर १९९६ मध्ये, बेनच्या मृत्यूच्या अंकावर छापलेल्या महिन्यातच.

मला या अंकात राखेपेक्षा दुसरंच काही टोचतं. मूळ असल्याचा दाखला मिळालेला असताना जो माणूस दुसऱ्याचं आयुष्य हिसकावून घेत नाही, उलट त्याच्या वाटचा घाव पाठीवर घेतो, त्याला ‘तू नकली’ असं ठरवून मरण दिलं. एकवीस वर्षांपूर्वीच्या पीटरनं जी कसोटी वापरली होती, जगणं हाच पुरावा, तिच्यावर बेन अव्वल उतरला होता. निकाल मात्र राख बघून दिला गेला.

मेला, तर मग परत कसा आला?

कॉमिक्समध्ये मरण ही रजा असते. बेनला वीस वर्षांची मिळाली. २०१६-१७ च्या कथानकात कळलं की वॉरननं त्याला पुन्हा क्लोन केलं आणि पुन्हा पुन्हा मारून पुन्हा पुन्हा जिवंत केलं. त्या छळातून बाहेर आलेला बेन स्वतःच नवा जॅकल होऊन बसला. अनेक जुन्या वाचकांना हे रुचलं नाही. मला पटलं नाही, पण समजलं: ज्याला इतक्या वेळा मारलं त्यानं जिवंत करण्याचा धंदा काढावा, यात एक विकृत तर्क आहे.

२०२१ साली त्याला पुन्हा स्पायडर-मॅन केलं गेलं, या वेळी बियॉण्ड नावाच्या एका बड्या कंपनीचा पगारी नोकर म्हणून. मानसोपचाराच्या नावाखाली कंपनी त्याच्या आठवणींत खाडाखोड करत राहिली. २०२२ मध्ये ते प्रकरण संपलं तेव्हा पीटरकडून आलेल्या आठवणी त्याच्या डोक्यातून गेलेल्या होत्या. काका नाहीत, काकू नाही, ज्या नावांवरून स्वतःचं नाव ठेवलं ती माणसंच नाहीत. त्यानं कॅझम हे नाव घेतलं, म्हणजे खोल दरी, आणि आठवणी परत मिळवण्यासाठी तो पीटरवर उलटला. म्हणजे सिनेमात स्वतःची दुःखं आळवून हसू मिळवणारा बेन आणि छापील पानांवर आळवायला काही न उरलेला बेन, एका वर्षाच्या अंतरानं आले.

आणि ते मूल?

ज्या मुलासाठी एवढा खटाटोप झाला, ती मुलगी मेरी जेनच्या पोटातच गेली. त्याच कथानकात. हा धागा मार्व्हलनं मुख्य कथेत नंतर धड उचललाच नाही.

पण १९९८ साली टॉम डीफाल्को, म्हणजे ते काढून टाकलेले संपादक, यांनी ‘असं झालं असतं तर’ या धाटणीच्या एका अंकात त्या मुलीला जगवलं. तिचं नाव मे. पंधरा वर्षांची होते, बापाच्या शक्ती तिच्यात उतरतात आणि ती स्पायडर-गर्ल होते. त्या पर्यायी जगात बेनलाही जनीनपासून झालेला एक मुलगा आहे, रायली. नात्यानं ही दोघं चुलत भावंडं. पण बापांची जनुकं एकच, त्यामुळे जनुकांच्या वहीत ती सावत्र भावंडं ठरतात. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं बोटांवर हिशेब करून बघितला आणि बरोबर आहे म्हणाला.

मे पहिल्यांदा घराबाहेर पडते तेव्हा अंगावर एक जुना पोशाख चढवते. पण तो पीटरचा नाही. ती घालते बेन काकाचा.